रिडेव्हलपमेंटच्या करारात गच्चीचं एक पान हवं

वाशी, नेरूळ, सानपाडा, कुठल्याही जुन्या सोसायटीत जा, सध्या एकच विषय आहे: रिडेव्हलपमेंट. कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) किती वाढणार, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा एकरकमी निधी) किती, भाडं दरमहा की वर्षाचे चेक आगाऊ, पार्किंग एक की दोन. हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण आमच्या सभेत मी विचारलं की नव्या इमारतीच्या भिंती कशाच्या असणार आणि गच्चीवर काय असणार, तेव्हा "ते स्पेसिफिकेशनमध्ये आहे" एवढंच उत्तर मिळालं. स्पेसिफिकेशन घरी आणून वाचलं. फरशी, नळ, दारावरचा व्हिडिओ फोन यांवर दीड पान. गच्चीवर एक ओळ, तीही वॉटरप्रूफिंगची.

मी वरच्या मजल्यावर राहते. एप्रिल-मेमध्ये रात्री अकरा वाजता पंखा लावला की तो छतालगतची गरम हवाच खाली ढकलतो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि खाडीकडच्या दमटपणामुळे अंगावरचा घाम वाळत नाही. आपल्याकडे ऊन ही गैरसोयीपुरती गोष्ट राहिलेली नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेल्यांपैकी 14 जण उष्माघाताने गेले.

म्हणून माझं म्हणणं ठाम आहे: हिरवी गच्ची, म्हणजे मातीचा थर देऊन झाडं लावलेली गच्ची, आणि बांधकामाचं साहित्य या गोष्टी आरसीसी डिझाइन (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याची आखणी) होण्याआधी ठरवून करारात लिहून घ्या. ताबा मिळाल्यावर फार उशीर झालेला असतो.

याचं कारण वजन. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस 875 या भारांच्या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण 150 किलोचा चल भार (माणसं, सामान अशा येणाऱ्या-जाणाऱ्या गोष्टींचा) धरतात. बागेतल्या मातीचा दहा सेंटिमीटरचा थर पावसात भिजला की तेवढ्याच जागेवर 170-180 किलो होतो, आणि हे वजन कायम बसून राहतं, माणसं त्यावर वेगळी. कोकोपीट आणि विटांचा चुरा मिसळून केलेलं माध्यम बरंच हलकं पडतं, पण तेही हिशोबात धरावं लागतं. स्ट्रक्चरल कन्सल्टंट स्लॅब-बीमची आकडेमोड करत असतानाच हा भार सांगितला तर तो सळई आणि जाडी त्याप्रमाणे ठरवतो. म्हणूनच तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतीवर हौसेने गोणी गोणी माती चढवणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्या.

दुसरी भीती गळतीची, आणि ती खरी आहे. कुंड्यांखाली स्लॅब कायम ओला राहतो आणि पिंपळाचं एवढंसं रोप पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) फटीत मूळ घालतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. नीट केलेल्या हिरव्या गच्चीत स्लॅबवर उतार, त्यावर वॉटरप्रूफिंगचा पडदा, त्यावर मुळं अडवणारा थर, मग पाणी वाहून नेणारा थर, गाळणीचं कापड आणि सगळ्यात वर माती असते. पाणी जाण्याच्या प्रत्येक तोंडाभोवती हातभर जागा खडीची ठेवायची, म्हणजे पानं अडकली तर दिसतात. माती टाकण्याआधी गच्चीवर पाणी भरून तीन दिवस ठेवायचं आणि खालच्या छतावर डाग येतो का ते सोसायटीच्या माणसांनी स्वतः जाऊन बघायचं. ही चाचणी करारात लिहा. पडद्यावर ऊन पडत नसल्यामुळे तो उघड्या गच्चीवरच्या पडद्यापेक्षा जास्त टिकतो, हे कमिटीत कुणी सांगत नाही.

लावायचं काय? युरोपातल्या फोटोंमधली सेडमची (जाड पानांच्या बुटक्या झाडांची) गालिचेदार गच्ची इथे चालणार नाही. आपल्याकडे चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस आणि पुढचे आठ महिने जवळपास कोरडे. पण कोकणातला सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, आठवा. कातळावर चार बोटं माती, तरी जूनमध्ये तो हिरवा होतो, श्रावण-भाद्रपदात तेरडा आणि सीतेची आसवं फुलतात आणि दिवाळीनंतर सगळं वाळून पिवळं पडतं. बी तिथेच राहतं, पुढच्या पावसात पुन्हा उगवतं. आपल्या गच्चीसाठी यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. सोबत पानफुटी, कोरफड, चिनी गुलाब. मेमध्ये गच्ची तपकिरी दिसेल, ते मान्य करायला हवं. नोव्हेंबर-डिसेंबरात वाळलं गवत कापून काढायला हवं, नाहीतर आगीचा धोका. पाण्याशिवाय उन्हाळ्यात झाडांचा गारवा फारसा मिळत नाही, पण कोरडी मातीसुद्धा स्लॅबवर थेट ऊन पडू देत नाही. एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) असेल तर त्याचं पाणी आहेच.

आणि हे परवडत नसेल किंवा जुनी इमारत असेल, तर पांढरं चायना मोझॅक, म्हणजे चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यांची गच्ची. जुन्या मुंबईच्या गच्च्यांवर ते उगाच नव्हतं. दुपारी दोन वाजता पांढऱ्या मोझॅकवर पाय टेकवता येतो. काळ्या डांबरी पडद्यावर चपलेतूनही चटका बसतो.

नवी मुंबईला यातून आणखी एक फायदा आहे. आपल्या शहराचे बरेच भाग भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती आली की खाडीच्या तोंडची झडपं बंद होतात आणि पावसाचं पाणी ओहोटीपर्यंत धारण तलावांत थांबतं. या तलावांमधला गाळ आणि वाढलेली खारफुटी यांचा वाद आपण दरवर्षी वाचतो. आता हिशोब करा: चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 400 चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पडला तर 20,000 लिटर पाणी काही मिनिटांत गटारात. मातीचा थर त्यातलं काही धरून ठेवतो आणि उरलेलं उशिरा सोडतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला, त्यापुढे कुठलीच गच्ची टिकणार नाही. पण भरतीच्या वेळी आलेल्या तासाभराच्या जोरदार सरीत पाणी थोडं उशिरा खाली येणं, एवढंही इथे मोलाचं आहे.

भिंतींचं बोलायलाच हवं. ठाणे-रायगडमधल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल (आगाऊ मजुरी) घेऊन जातात आणि पावसापर्यंत तिथेच राबतात. मुलांची शाळा सुटते, शेताची वरची माती जळते. फ्लाय ॲशची, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेची, वीट भाजावी लागत नाही, शिवाय ती राख वापरली जाते. एएसी ब्लॉक म्हणजे बारीक हवेच्या छिद्रांचा हलका काँक्रीट ब्लॉक. त्याचं वजन विटेच्या जवळजवळ एक तृतीयांश असतं आणि तो उष्णता कमी आत येऊ देतो. मात्र तो पाणी शोषतो, आणि आपल्या पावसात ही मोठी अडचण आहे. कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) मारली नाही तर पहिल्याच पावसाळ्यात प्लास्टरला चीर जाते. आणि छज्जा! खिडकीवर खोल छज्जा असेल तर ऊन आणि पाऊस दोन्ही अडतात. नव्या टॉवरमध्ये सपाट काचेच्या हौसेपायी तो गायब होतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक असलेल्या चार्ल्स कोरियांनी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये उतरती कौलं आणि अंगणं दिली होती. ते आपल्याच शहरात आहे, बघून या.

पाडलेल्या इमारतीचं काय होतं, हाही प्रश्न विचारा. डेब्रिज (पाडकामाचा राडारोडा) रात्री खाडीकाठी, खारफुटीत टाकतात. ते रोखायला महापालिकेला भरारी पथक ठेवावं लागतं. 2016 च्या नियमांनी मोठ्या कामाला डेब्रिजचा आराखडा देणं बंधनकारक केलं. आयएस 383 या खडी-वाळूच्या मानकाने त्याच वर्षी काँक्रीटच्या राड्यापासून केलेली खडी आरसीसीत एम-25 या प्रतीच्या काँक्रीटपर्यंत 20 टक्के वापरायला मुभा दिली. पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) आणि कंपाउंडच्या कामात तर ती आणखी जास्त चालते.

यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीत ग्रीन रेटिंगनुसार (पर्यावरणपूरक बांधकामाच्या गुणांकनानुसार) 3, 5 किंवा 7 टक्के वाढीव एफएसआय (भूखंडाच्या तुलनेत मिळणारं बांधकाम क्षेत्र) मिळतो. बिल्डर तो घेणार असेल तर सोसायटीने विचारावं की रेटिंगचे गुण कशातून मिळवणार. पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या मजल्यावर) टँकरने भिजवलेल्या लॉनला मी हिरवं बांधकाम मानत नाही, विशेषतः त्यासाठी जमिनीवरची जुनी झाडं जाणार असतील तर.

आमची पुढची सभा याच महिन्यात आहे. गच्चीचा भार, थर, तीन दिवसांची पाणी-चाचणी, दहा वर्षांची गळतीची हमी, भिंतीचं साहित्य, छज्जा आणि डेब्रिजची पावती हे सगळं एका पानावर लिहून मी कमिटीला देणार आहे. ठाणे-नवी मुंबईत कुणाच्या करारात अशी कलमं प्रत्यक्ष आली असतील तर त्यांची भाषा कृपया कमेंटमध्ये टाका. वकिलाला दाखवायला तयार मजकूर असला की निम्मं काम सोपं होतं.