दोघं पॉझिटिव्ह, मूल निगेटिव्ह: त्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. तिला सातवा महिना लागलाय, रक्तगट ओ निगेटिव्ह, नवरा बी पॉझिटिव्ह. 28 व्या आठवड्यात अँटी-डीचं, म्हणजे निगेटिव्ह आईच्या रक्तात पॉझिटिव्ह बाळाविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून देतात ते इंजेक्शन घ्यायचं ठरलंय. "मावशी, घेऊ की नको?" एवढंच विचारून ती गप्प झाली. मग कळलं की सासरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, 'निगेटिव्ह रक्तगटाचं सत्य'. सहा मुद्दे आणि खाली 'प्रत्येक आईपर्यंत पोचवा'. हा मेसेज यंदा तिसऱ्यांदा माझ्यापर्यंत आला. आधी दोनदा मी पुसून टाकला, ती चूक झाली. रक्तपेढीत माझी वीस वर्षं गेली, त्यामुळे आता एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात आधी तिसरा मुद्दा, कारण भाची रडली ती त्यावरून. "नवरा-बायको दोघंही पॉझिटिव्ह असताना मूल निगेटिव्ह झालं, तर ते त्या नवऱ्याचं नाही." भाची स्वतः निगेटिव्ह आहे. तिची आई, म्हणजे माझी बहीण, ए पॉझिटिव्ह आणि मेहुणे ओ पॉझिटिव्ह. ग्रुपवर कुणीतरी लगेच विचारलंही, "मग हिचं कसं?"

हिचं असं. आरएच, म्हणजे रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, हे ठरवणारं जनुक पहिल्या गुणसूत्रावर असतं. प्रत्येकाकडे त्याच्या दोन जागा, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोनांपैकी एका जागी जरी 'डी' असला, म्हणजे तांबड्या पेशींवर आरएचची खूण उमटवणारं जनुक असलं, तरी माणूस पॉझिटिव्ह. निगेटिव्ह व्हायला दोन्ही जागा रिकाम्या लागतात. रक्तपेढीत आम्ही टाइलवर रक्ताचा थेंब घेऊन त्यात अँटी-डी सीरम, म्हणजे 'डी'ला चिकटणारं द्रावण, मिसळतो आणि टाइल हलकेच हलवत राहतो. दोन मिनिटांच्या आत रवाळ गुठळ्या दिसल्या की पॉझिटिव्ह, थेंब एकसारखा राहिला की निगेटिव्ह. आत 'डी' एक आहे की दोन, हे त्या गुठळ्या सांगत नाहीत. रिपोर्टवर दोन्ही पॉझिटिव्हच.

आमची आई निगेटिव्ह होती. तिच्याकडे द्यायला रिकामी जागाच होती, म्हणजे माझ्या बहिणीकडे एक 'डी' आणि एक रिकामी हे नक्की. मेहुण्यांकडेही तसंच असणार. आता जोड्या लावा. दोघांचा 'डी' आला, पॉझिटिव्ह. बहिणीचा 'डी' आणि मेहुण्यांची रिकामी, पॉझिटिव्ह. उलट झालं, तरी पॉझिटिव्ह. दोघांच्या रिकाम्या जागा एकत्र आल्या की निगेटिव्ह. चारात एक शक्यता, आणि तीही दर बाळंतपणाला नव्याने. यात संशयाला जागा कुठे आहे? एका बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याआधी शाळेतलं अनुवंशशास्त्राचं पुस्तक तरी उघडायचं होतं. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने माझ्या बहिणीची माफी मागायला हवी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुसरा घातक मुद्दा: "पहिलं बाळ सुखरूप होतं, म्हणून पहिल्या वेळी इंजेक्शन लागत नाही." यातलं अर्धं खरं आहे. पहिलं बाळ बहुतेक वेळा सुखरूपच असतं. पण इंजेक्शन पुढच्या बाळासाठी असतं. बाळंतपणात पॉझिटिव्ह बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराला 'डी' परका वाटतो आणि ते त्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतं. एकदा ती ओळख पटली की जन्मभर पुसली जात नाही. पुढच्या खेपेला त्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाचं रक्त उतरतं, अंगावर सूज येते, कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. आम्ही दोघी बहिणी धडधाकट जन्मलो. आमच्यानंतरचा भाऊ 1967 साली जन्मला, पहिल्याच दिवशी हळदीसारखा पिवळा पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. अँटी-डी वापरात आलं 1968 मध्ये.

इंजेक्शन काय करतं? आईच्या रक्तात शिरलेल्या बाळाच्या पेशी तिच्या शरीराला ओळख पटण्याआधीच बाजूला काढतं. ओळख आधीच पटलेली असेल तर त्याचा उपयोग नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. औषधांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने बाळंतपणानंतरच्या अँटी-डीचा आढावा घेतला आहे, सहा चाचण्या, दहा हजारांहून अधिक स्त्रिया. बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत इंजेक्शन दिलं, तर एरवी जिथे शंभर जणींच्या शरीरात अँटीबॉडी तयार झाल्या असत्या, तिथे सहा महिन्यांनी जेमतेम चौघींच्या झालेल्या दिसल्या. 28 व्या आठवड्याचा डोस उरलेली जोखीम आणखी खाली आणतो, कारण काही जणींच्या बाबतीत रक्त बाळंतपणाआधीच मिसळतं. 72 तास उलटले असतील तरी डॉक्टरांना जरूर विचारा. दहा दिवसांपर्यंत दिलं तरी थोडंफार संरक्षण मिळतं.

"एकदा घेतलं की जन्मभर पुरतं." नाही. बाहेरून दिलेल्या अँटीबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्म्या होतात. प्रत्येक गरोदरपणात पुन्हा घ्यावं लागतं. नळीतला गर्भ, पोटावर बसलेला मार, गर्भजलाची तपासणी, दिवस भरत आल्यावरचा रक्तस्राव, या प्रसंगी वेगळं घ्यावं लागू शकतं. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गर्भपाताबाबत तज्ज्ञांच्या सूचना एकसारख्या नाहीत, हे मान्य. म्हणूनच तिथे डॉक्टरांना विचारायचं, ग्रुपला नाही.

"माणसाच्या रक्तापासून बनवतात, रोग पसरतात." माणसाच्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवापासून बनतं, हे खरं. आणि रोग पसरला होता, हेही मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. आयर्लंडमध्ये 1977-78 च्या सुमारास कावीळ झालेल्या एका स्त्रीचा प्लाझ्मा वापरला गेला आणि हजारावर स्त्रियांना हिपॅटायटिस सी झाला. ते उघडकीस आलं 1994 मध्ये. अक्षम्य प्रकार होता तो. पण हिपॅटायटिस सीचा विषाणूच सापडला 1989 मध्ये. आज प्रत्येक दात्याची त्यासाठी तपासणी होते आणि प्लाझ्मावर विषाणू निष्क्रिय करण्याची प्रक्रियाही होते. ज्यांच्या प्लाझ्मातून हे औषध बनतं त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी 1954 ते 2018 या काळात 1173 वेळा दान केलं. त्यातला बराचसा प्लाझ्मा याच इंजेक्शनसाठी गेला.

"डॉक्टर स्वतःच्या घरात देत नाहीत." न्यूयॉर्कमध्ये हे औषध शोधणाऱ्या तिघांपैकी एक, जॉन गॉर्मन. 1964 मध्ये, औषधाला मान्यता मिळण्याआधीच, त्यांनी ते आपल्या भावजयीसाठी इंग्लंडला पाठवलं होतं.

राहिला शेवटचा, "पॉझिटिव्ह मुलाने निगेटिव्ह मुलीशी लग्न करू नये." इंजेक्शन असताना या वाक्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

भाचीचं इंजेक्शन गुरुवारी आहे. आधी कूम्ब्स तपासणीसाठी, म्हणजे आईच्या रक्तात अँटीबॉडी आधीच आहेत का ते बघायला रक्त काढायचं, इंजेक्शन मग. उलट केलं तर रिपोर्टमध्ये इंजेक्शनच्याच अँटीबॉडी दिसतात आणि सगळ्यांच्या जिवाला घोर लागतो. बाळ झालं की नाळेतल्या रक्तावरून त्याचा गट बघायचा, आणि पॉझिटिव्ह निघाला तर 72 तासांच्या आत दुसरं इंजेक्शन. हे तिने फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घेतलंय, आणि वर सांगितलेल्या चार जोड्यांचा चौकोनही. तो चौकोन तिने रात्रीच सासरच्या ग्रुपवर टाकला.