थाई लूक क्रुंग गाण्यांत उसनं काय आणि स्वतःचं काय

लूक क्रुंग, म्हणजे शहरी बाजाची जुनी थाई गाणी, यांवरचा तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ती म्हणजे थाई शब्द चिकटवलेला फॉक्सट्रॉट (पाश्चात्य नाचाचा ठेका), आणि त्यांची ओढ म्हणजे जुन्या रेकॉर्डच्या खरखरीची भुरळ.

वाद्यांपुरतं मान्य. 1939 साली बँकॉकमध्ये सरकारी प्रसिद्धी खात्याचा वाद्यवृंद उभा राहिला, प्रमुख उआ सुंथॉर्नसनान. तोच पुढे सुंथराफॉर्न नावानं गाजला. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, रुम्बाचे ठेके, सगळं पश्चिमेकडचं.

गळा मात्र उसना नाही. थाई उच्चारात पाच सूर असतात: मधला, खालचा, पडता, वरचा, चढता. 'क्लाय' मधल्या सुरात म्हटलं तर 'लांब', पडत्या सुरात 'जवळ'. आता विरहगीत या दोन शब्दांशिवाय कसं व्हायचं! म्हणून चांगला संगीतकार चालच शब्दांच्या चढउताराला धरून बांधतो. जिथे जमत नाही तिथे गायक सावरतो: पडत्या सुराचा शब्द स्वराच्या किंचित वरून पकडून खाली घसरवायचा, चढत्या सुराचा खालून उचलायचा. या घसरणीत शोभेइतकाच अर्थही असतो, आणि संथ लयीत तिला ऐसपैस जागा मिळते. लूक क्रुंग गायक सुथेप वोंगकामहेंग यात उस्ताद. बिअरच्या फेसावर चुरगळलेलं रेशीम, असं त्यांच्या आवाजाचं वर्णन तिकडे प्रसिद्ध आहे.

खरखरीचं म्हणाल, तर साफ केलेली डिजिटल प्रत ऐका. ओढ तशीच राहते. ती जाते नव्या आवृत्त्यांत. ऑटोट्यून, म्हणजे गायकाचा स्वर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर; त्याचा रिट्यून स्पीड, म्हणजे दुरुस्तीला लागणारा वेळ, शून्याजवळ ठेवला की प्रत्येक घसरण जवळच्या स्वराला चिकटते आणि पडता सूर सपाट होतो. संदर्भानं अर्थ कळतो, पण गाणारा परका वाटतो. तो स्पीड मंद ठेवावा, शक्यतो ऑटोट्यून लावूच नये.

शिवाय यातली काही गाणी कधी जुनी झालीच नाहीत. लॉय क्रथोंग या थाई सणाला पाण्यात दिवे सोडताना सुंथराफॉर्नचंच गाणं आजही वाजतं, त्यामुळे तेव्हा न जन्मलेल्यांनाही ते पाठ असतं.

जाता जाता, तुम्ही उदाहरणादाखल घेतलेले गायक सुराफोन सोम्बातचारोएन लूक थुंगचे, म्हणजे ग्रामीण बाजाचे. 1968 साली त्यांचा खून झाला तेव्हा ते त्या शैलीचे राजे मानले जात. त्यांचा खुला, कंप देणारा आवाज लूक क्रुंगच्या मापानं मोजला तर भडकच वाटणार. आधी सुथेप ऐका, मग सुराफोन, आणि दोन्ही वेळा बँडकडे दुर्लक्ष करून फक्त शब्दांच्या शेवटांवर कान ठेवा.