न्यूरेम्बर्गचा गड विस्कळीत का दिसतो? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

सविस्तर आणि परखड प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन: जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गचा गड सम्राटाचा म्हणावा एवढा भव्य नाही, त्याच्या मांडणीला शेंडा ना बुडखा, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकीनंतर उभं आहे ते सगळं नवंच. दरबार कुठे आहे, आणि रायगड पाहिलेल्या माणसाला यात काय दाखवता, असंही तुम्ही विचारलंत.

रायगड राजधानी होती. न्यूरेम्बर्ग ज्यात होतं त्या पवित्र रोमन साम्राज्याला (मध्ययुगात जर्मनी आणि आसपासच्या प्रदेशांवर पसरलेलं राज्य) कायमची राजधानीच नव्हती. सम्राट लवाजम्यासह ठिकठिकाणी फिरत राज्य करायचा, आणि न्यूरेम्बर्ग हा त्याचा एक मोठा मुक्काम. एरवी दालनं रिकामी असत. स्वारी यायची झाली की शहरातल्या बड्या घराण्यांकडून सामानसुमान मागून आणत. साम्राज्याची राजचिन्हं १४२४ साली न्यूरेम्बर्गला आली, तीसुद्धा गडावर नाही, खाली शहरातल्या एका इस्पितळाच्या चर्चमध्ये राहिली. अशा जागी सिंहासनाचा भव्य दरबार शोधलात तर निराशा होणारच.

मांडणी विस्कळीत आहे, हे कबूल. पण ती ढिसाळपणे आखली म्हणून नव्हे. वालुकाश्माच्या त्या एका लांबट टेकडीवर तीन धनी नांदत होते. पश्चिमेला सम्राटाचा गड, पूर्वेला त्याच्याच नावाने कारभार पाहणाऱ्या झोलर्न घराण्यातल्या किल्लेदारांचा वाडा, आणि पायथ्याशी दिवसेंदिवस गब्बर होत चाललेलं शहर. किल्लेदार आणि शहर यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. १३७७ साली शहराने किल्लेदाराच्या वाड्याला खेटून लुगिन्सलांड हा उंच बुरूज उभारला, तो परचक्रासाठी कमी आणि शेजाऱ्याच्या अंगणात डोकावण्यासाठी जास्त! १४२० मध्ये तो वाडा जळाला आणि १४२७ मध्ये उरलासुरला भाग शहराने विकतच घेतला. मग १४९४-९५ मध्ये हान्स बेहाइम या बांधकाम करणाऱ्याने शहरासाठी लुगिन्सलांड आणि जुना पंचकोनी बुरूज यांच्या मधोमध धान्याचं प्रचंड कोठार बांधलं. तुम्हाला खटकलेली ती ‘मध्येच घुसलेली इमारत’ हीच. भांडण कोण जिंकलं, ते तिथे दगडात दिसतं.

सगळं नवं आहे, हे मात्र मान्य नाही. निवासी भागाची मोठी पडझड झाली आणि तो पुन्हा बांधला, हे खरं. पण गोल झिनवेल बुरूज आणि इसवी सन १२०० च्या सुमाराचं दुमजली चॅपल (गडावरचं छोटं प्रार्थनाघर) बाँबफेकीतून वाचलं. त्या चॅपलसाठी तरी पुन्हा जा. खालचा मजला जाड खांबांचा, अंधारा. वरचा सडपातळ खांबांचा, उजेडी. दोहोंमधल्या जमिनीत चौकोनी मोकळी जागा ठेवली आहे, म्हणजे एकच प्रार्थना दोन्हीकडे ऐकू जावी. चाकरमंडळी खाली, दरबारी वर, आणि पश्चिमेच्या सज्जात, सगळ्यांच्या डोक्यावर, सम्राट. दरबार कुठे आहे असं विचारलंत ना? तो इथे, उभा रचलेला आहे.

आणि बाहेरच्या चौकातली विहीर चुकवू नका. जवळजवळ ५० मीटर खोल, अख्खी खडकात खोदलेली.