दीव भागिले शून्य

बर्फाच्या कारखान्यात हिशेबनीस म्हणून माझी बावीस वर्षं गेली. एवढ्या काळात ‘टार्गेट’ हा शब्द आमच्याकडे कुणी काढला नव्हता. गोव्यातल्या मालीम जेटीवरून ट्रॉलर समुद्रात गेले की बर्फ जायचा, नाही गेले की वितळायचा. संध्याकाळी शेट विचारायचे, "किती लाद्या गेल्या?" मी आकडा सांगायचो, ते मान हलवायचे. आमचं अ‍ॅनालिसिस ते तेवढंच.

मग बाब पुण्याहून एमबीए होऊन आले. (शेटचा मुलगा. वयाने माझ्या निम्मा, पण बाब तो बाबच.) त्यांनी एक्सेलमध्ये टार्गेटचा एक रकाना आखला, प्रत्यक्ष विक्रीचा दुसरा, आणि तिसरा माझ्या गळ्यात घातला: दोन्हींतला फरक, टक्क्यांत. "शाळेतलं गणित आहे हो," म्हणाले. शाळेत शेकडेवारीचा धडा चालू असताना मी कांजिण्यांनी घरी पडलो होतो, ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही.

मे महिन्याचं टार्गेट ४००० लाद्या, गेल्या ३४००. कमी पडल्या ६००. मी ६०० ला ३४०० ने भागलं. विकलेला माल तरी खरा, टार्गेटचं काय, ते हवेतलं. उत्तर साडेसतराच्या वर गेलं. बाब म्हणाले, "भागायचं टार्गेटने. आपण पंधरा टक्केच मागे आहोत." नुसत्या भागाकाराने अडीच टक्के तोटा भरून निघालेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

आता फॉर्म्युला. प्रत्यक्ष वजा टार्गेट, भागिले टार्गेट. मी ऐकलं तसं ओळीने टाइप केलं, कंस न घालता. एक्सेल भागाकार आधी उरकतं. ४००० भागिले ४००० म्हणजे एक, तो ३४०० मधून गेला, राहिले ३३९९. त्यावर टक्क्याचं बटण दाबलं: ३३९९००%. शेटच्या नजरेला हा आकडा पडता तर दुसऱ्या कारखान्यासाठी त्याच दिवशी जागा बघायला निघाले असते. कंस घातले, आणि शाळेच्या सवयीने शंभराने गुणलं. ते बटण स्वतःच शंभराने गुणून दाखवतं, हे मला कोण सांगणार? उणे १५००%. म्हणजे मे महिन्यात आम्ही बर्फ विकला नाहीच, उलट ट्रॉलरवाल्यांच्या छप्पन्न हजार लाद्या ओढून आणल्या.

खरी गंमत जूनची. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस मासेमारी बंद. बाबनी जूनचं टार्गेट शून्य ठेवलं. पण २४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उडी मारणाऱ्याला वर आल्यावर थंड बियर लागते. गावच्या पोरांनी अकरा लाद्या नेल्या. मी त्या भरल्या आणि टक्क्यांच्या रकान्यात उमटलं: हॅश, डी, आय, व्ही, तिरकी रेघ, शून्य, आणि वर उद्गारचिन्ह.

शेटनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"हें कितें रे? दीव?"

मी गप्प.

"दीव आपल्यापासून १९८७ साली वेगळं झालं. त्याचा हिशेब अजून आपण का ठेवतो?"

त्या दीवच्या शेवटी यू असतो, व्ही नव्हे, हे सांगायची माझी छाती झाली नाही. बाबनी समजावलं, शून्याने भागता येत नाही. शेट म्हणाले, "अकरा लाद्या गेल्या, पैसे गल्ल्यात आले, आणि तुझं यंत्र म्हणतं येत नाही?" बाबनी इफएरर नावाचा फॉर्म्युला घातला, तर तो रकाना कोराच झाला. शेट आणखी भडकले. मघाशी निदान दीव तरी होतं.

जूनचा तोटाही आधीच धरलेला, ५०,०००. मी काटकसर करून तो ३०,००० वर आणला. शीट म्हणाली उणे ४०%, तेही लाल रंगात. भाजक उणे असला की चिन्ह उलटतं, त्याला एबीएस लावून आधी त्याचं उणेपण काढावं लागतं. हे उमगेपर्यंत दोन दिवस मी ऑफिसात चोरासारखा वावरलो. त्याच शीटवर वीजबिल मात्र ठरल्यापेक्षा दहा टक्क्यांनी जास्त येऊनही हिरवंगार! अधिक ते हिरवं, हा नियम मीच लावला होता.

शून्यावरचा तोडगा शेवटी शेटनीच काढला. "शून्य चालत नाही ना? मग एक घाल."

बाबनी तोंड उघडलं आणि मिटलं. जुलैचं टार्गेट एक लादी. पहिल्याच आठवड्यात एका बारवाल्याने चार नेल्या. अधिक ३००%, हिरवा.

शेटनी त्याची रंगीत प्रिंट काढून शांतादुर्गेच्या तसबिरीखाली चिकटवली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. मे महिन्याची, ३४०० लाद्यांची शीट खालच्या ड्रॉवरमध्ये आहे.