रजिस्ट्रीत आठ एफ टाकले की कितीही मोठी फाईल जाते म्हणे!

सगळीकडे फिरतंय ते हे: "वेबडॅव्हने मॅप केलेल्या ड्राइव्हवर मोठी फाईल जात नाही? रजिस्ट्रीत वेबक्लायंटच्या पॅरामीटर्समधे फाइलसाइजलिमिटइनबाइट्सला आठ वेळा एफ टाका, लिमिट कायमची गायब. ही अडवणूक मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्ह खपवायला केलीये. नाहीच जमलं तर झिप करा."

(वेबडॅव्ह म्हणजे दूरच्या सर्व्हरवरचं फोल्डर आपल्या ड्राइव्हसारखं वापरायची पद्धत, वेबक्लायंट म्हणजे विंडोजमधली ते काम करणारी सर्व्हिस, आणि रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार.) आधी वनड्राइव्हचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड स्टोरेजचं बघू. ही लिमिट विंडोज एक्सपीच्या सिक्युरिटी बदलातून आली, तेव्हा वनड्राइव्ह जन्मलंही नव्हतं. अनोळखी सर्व्हरने भलीमोठी फाईल पाठवून तुमचं मशीन आडवं करू नये म्हणून ५००००००० बाइट्सवर, म्हणजे साधारण ४७.७ एमबीवर कुंपण घातलं. कट-बिट काही नाही.

आता "गायब". आठ एफ (हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरचा आकडा) म्हणजे साध्या आकड्यात ४२९४९६७२९५ बाइट्स, चार जीबीला एक बाइट कमी, आणि त्या खान्यात याहून मोठा आकडा मावतच नाही. म्हणजे कुंपण पुढे सरकलं, गेलं नाही, पाच जीबीचा व्हिडिओ तरीही अडकणारच. शिवाय वेबक्लायंट सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते, हे त्या मेसेजमधे कुणीच लिहीत नाही आणि मग लोक म्हणतात "केलं पण काही झालं नाही".

सगळ्यात मोठा घोळ पुढेच आहे. हा आकडा फक्त तुमच्या विंडोजचा, सर्व्हरला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. सर्व्हरवर एनजिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर असेल तर बाय डिफॉल्ट १ एमबीच्या वरची रिक्वेस्ट ४१३ एरर (रिक्वेस्ट फार मोठी) देऊन परत पाठवतो, मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर आयआयएस बाय डिफॉल्ट तीन कोटी बाइट्सवर थांबतो, मधे क्लाउडफ्लेअरचा (सर्व्हरच्या पुढे बसणारी सेवा) फ्री प्लॅन असेल तर १०० एमबी, आणि एवढं सगळं पार करून फाईल पोचली तरी पलीकडची डिस्क फॅट३२ या जुन्या फॉरमॅटची असेल (राउटरला लावलेला पेनड्राइव्ह बघा, बऱ्याचदा तोच असतो) तर चार जीबीची फाईल तिथे बसणारच नाही. विंडोजची एरर ०एक्स८००७००डीएफ (फाईल लिमिटपेक्षा मोठी) आली तर दोष बहुतेक तुमच्या बाजूला, ४१३ आली तर पलीकडे. एवढं बघितलं तरी अर्धी डोकेफोड वाचते.

अजून एक, विंडोज आधी फाईल लोकल कॅशेत, म्हणजे तुमच्याच मशीनवरच्या तात्पुरत्या साठ्यात घेतं आणि मग वर चढवतं. म्हणून पट्टी झरझर पुढे जाते आणि शेवटी बराच वेळ अडून बसते, लोकांना वाटतं हँग झालं आणि ते कॅन्सल मारतात! सी ड्राइव्हला जागा नसेल तर तिथेच बोंब.

झिप? व्हिडिओ, फोटो आधीच कॉम्प्रेस्ड असतात, झिपने फार काही कमी होत नाही. सेव्हन-झिपने तुकडे केले तर जातात खरे, पण समोरच्याला ते सगळे उतरवून जोडावे लागतात, एक तुकडा राहिला की संपलं.

त्यापेक्षा वेबक्लायंटच्या वाटेलाच जाऊ नका, तसंही मायक्रोसॉफ्टने २०२३ मधे ते डेप्रिकेट केलंय, म्हणजे पुढे त्यात सुधारणा होणार नाही. विनएससीपी किंवा आरक्लोन या फाईल पाठवायच्या प्रोग्रॅमने थेट कनेक्ट करा, विंडोजची लिमिट मधे येतच नाही. सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड (स्वतःचा क्लाउड चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर त्याचा स्वतःचा डेस्कटॉप क्लायंट मोठी फाईल तुकड्यातुकड्याने पाठवतो आणि सर्व्हर आपणच जोडून घेतो. सर्व्हर स्वतःचा असेल तर एसएफटीपी (फाईल सुरक्षितपणे पाठवायची वेगळी पद्धत) चालू करा. आणि सर्व्हर दुसऱ्याचा असेल तर त्याच्या अ‍ॅडमिनला विचारा, तिथली लिमिट तुमच्या रजिस्ट्रीतून हलणार नाही.