चोरी नाही, गहाळ

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर दादाचा लांबलचक मेसेज आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, लालबागला असतो. विषय असा की कुठलीतरी नवीन पोलीस सिरीज आलीये, त्यात परळ-लालबागच्या चाळी दाखवल्यात, आणि गुंड मराठी, बेवडा मराठी, हप्ता खाणारा हवालदार पण मराठी. ही आपली बदनामी आहे, बंद पाडली पाहिजे. त्यावर सगळ्यांचे अंगठे. आणि शेवटची ओळ बहुतेक माझ्यासाठीच होती, "अमेरिकेत बघा, कोणी स्वतःच्या शहराची लक्तरं अशी वेशीवर टांगत नाही."

ती सिरीज मी बघितलेली नाही, त्यामुळे ती चांगली की वाईट यावर मी बोलणार नाही. पण ती शेवटची ओळ डोक्यातून जाईना. कारण मी २००६ पासून अमेरिकेतल्या ज्या शहराच्या, बाल्टिमोरच्या, कडेला राहते, त्या शहराची लक्तरं पाच सीझन आणि साठ एपिसोड टांगलेली होती आणि अख्ख्या जगाने ती बघितलीयेत.

सिरीजचं नाव द वायर. एचबीओ चॅनलवर जून २००२ ते मार्च २००८. लिहिणारा डेव्हिड सायमन, हा आधी बाल्टिमोर सन पेपरचा क्राइम रिपोर्टर, आणि त्याच्याबरोबर एड बर्न्स, जो वर्षानुवर्षं बाल्टिमोर पोलिसात डिटेक्टिव्ह होता आणि नंतर सरकारी शाळेत शिकवायला लागला. पहिल्या सीझनला नाक्यावर ड्रग्ज विकणारी पोरं आणि त्यांचे फोन टॅप करणारे पोलीस, दुसऱ्यात बंदर, तिसऱ्यात सिटी हॉल, चौथ्यात शाळा, पाचव्यात पेपरचं ऑफिस. काही म्हणजे काही सोडलं नाही. तेव्हाचे महापौर मार्टिन ओमॅली यांना ही सिरीज अजिबात आवडायची नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पुढे एक पोलीस कमिशनर पण जाहीरपणे चिडले, शहराची बदनामी झाली म्हणाले. म्हणजे दादा, हा शब्द इथेही आहे. पण पाचही सीझन बाल्टिमोरच्याच रस्त्यांवर शूट झाले. आणि १९८८ ला, महापौर असताना, ड्रग्जकडे गुन्हा म्हणून नाही तर आजार म्हणून बघा असं बोलून ज्यांनी देशभर शिव्या खाल्ल्या ते कर्ट श्मोक, त्यांनी स्वतः या सिरीजमध्ये हेल्थ कमिशनरचं छोटं काम केलं. सांग बरं मला, आपल्याकडचा कोणता माजी महापौर असं करेल?

मी हे ग्रुपवर लिहिलं. त्यावर दादाचं उत्तर दोन मिनिटांत. "तिकडे बदनामी काळ्यांची झाली ना, त्यांना कोण विचारतं? लिहिणारा गोरा."

मला राग आला, पण उत्तर पटकन सुचलं नाही हेही खरं.

आधी मी काय सांगू बघत होते ते सांगते. मी ही सिरीज काउंटीच्या लायब्ररीतून डीव्हीडी आणून बघितली, इथे येऊन वर्ष पण झालं नव्हतं, नवरा झोपला की रात्री सबटायटल लावून बघायचे कारण त्यांची बोली मला अर्धी कळायची नाही. मी पोलीस म्हटलं की गोळीबार, पाठलाग, डायलॉग अशा तयारीने बसले होते. आणि इथे काय, तर मीटिंग. दर काही दिवसांनी मोठे साहेब एकेका डिस्ट्रिक्टच्या मेजरला, म्हणजे तिथल्या मुख्य पोलीस अधिकाऱ्याला, सगळ्यांसमोर उभं करतात, पडद्यावर आकडे दाखवतात आणि घाम फोडतात, गुन्हे अमुक टक्के खाली आलेच पाहिजेत. मग मेजर खाली जाऊन काय करतो? जबर मारहाण असेल तर साधी मारहाण लिहितो, लुटलं असेल तर साधी चोरी. आकडा खाली येतो, मेजरचं प्रमोशन होतं. गल्ली होती तशीच.

हेच पुढे मला आमच्या पोलीस ठाण्यात बघायला मिळालं. २०१९ ला मी घरी गेले होते तेव्हा बस स्टॉपवरून वहिनीच्या हातातला मोबाईल बाइकवरच्या दोन पोरांनी खेचून नेला, तिच्या करंगळीला सूज आली होती. आम्ही तिघं ठाण्यात गेलो. तिथले साहेब एकदम नम्र, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले, "ताई, चोरी कशाला लिहिता, गहाळ लिहा. दाखला आत्ता मिळेल, सिम परत घ्यायला तेवढाच लागतो. चोरी म्हटलं की मग हेलपाटे." वहिनीने सही केली. कागदावर लिहिलं होतं की प्रवासात मोबाईल कुठेतरी गहाळ झाला. बाहेर आल्यावर दादा इतका भडकला होता की त्याने चहा पण घेतला नाही. पोलीस खात्यात याला बर्किंग म्हणतात, गुन्हा नोंदवायचाच नाही, म्हणजे तो झालाच नाही.

तर दादा, माझं म्हणणं एवढंच आहे की वहिनीची ती करंगळी आणि तो दाखला, यावर तुझ्या कुठल्या सिरीजमध्ये एक तरी सीन आहे का? आपल्याकडे पोलीस म्हटलं की एन्काउंटर. ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्याला मन्या सुर्वेला गोळ्या घातल्या, ते मुंबईचं पहिलं एन्काउंटर म्हणून सांगतात, त्यावर सिनेमा येऊन गेला, पोरांना डायलॉग पाठ आहेत. आणि बरोबर एका आठवड्याने, १८ जानेवारीला, गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं कामावर गेली नाहीत आणि त्यातली कितीतरी परत कधी गेलीच नाहीत. माझे बाबा साचा खात्यात होते, त्यानंतर ते लग्नाच्या हॉलमध्ये वॉचमन झाले. आमच्या मजल्यावरची दोन पोरं टोळीत गेली, ती पोरं काही जन्मजात गुंड नव्हती, त्यातला एक मला गणिताची गाइडं द्यायचा. हे दोन दिवस सात दिवसांच्या अंतराने, एकाच शहरात, आणि पडद्यावर पिस्तूल राहतं, गिरणी राहत नाही, राहिलीच तर हिरो पळतो त्याच्या मागे पडकी चिमणी म्हणून. मला बदनामी ती वाटते.

वायरवाले नेमकं तेच दाखवतात की पोरं नाक्यावर का आली. बाल्टिमोरची वस्ती १९५० ला ९ लाख ४९ हजार होती, २०२० च्या जनगणनेत ५ लाख ८५ हजार. बंदराजवळ स्पॅरोज पॉइंटला बेथलेहेम स्टीलचा कारखाना, एकेकाळी जगातला सगळ्यात मोठा, तीस हजार माणसं कामाला, २०१२ ला कायमचा बंद झाला. आणि काळ्यांनी कुठल्या ब्लॉकमध्ये राहायचं आणि कुठल्या नाही याचा कायदा १९१० साली करणारं हे देशातलं पहिलं शहर. कोर्टाने तसले कायदे १९१७ ला मोडीत काढले पण वस्त्या तशाच राहिल्या. हे सगळं डोळ्यासमोर असलं की मग नाक्यावरच्या पोराकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. आणि एक गोष्ट मला फार आवडते, मेल्विन विल्यम्स म्हणून या शहरातला मोठा ड्रग्जवाला होता, १९८४ ला त्याला पकडणाऱ्यांत एड बर्न्स होता, आणि सुटून आल्यावर त्याच बर्न्सच्या सिरीजमध्ये त्याने चर्चच्या डीकनचं काम केलं. आपल्याकडे पोलिसाची पोरं आणि टोळीवाल्याची पोरं एकाच म्युनिसिपल शाळेत होती, पण कोणी कोणाशी बोललं का नंतर?

आता दादाच्या प्रश्नाकडे येते, की बदनामी झाली त्यांना कोणी विचारलं का.

मी विचारलं होतं. आमच्या लॅबमध्ये एक सिनियर टेक्निशियन होत्या, आता रिटायर झाल्या, जन्मापासून वेस्ट बाल्टिमोरच्या. मी नवीन नवीन असताना मोठ्या उत्साहाने त्यांना म्हटलं, वायर काय जबरदस्त आहे नाही. त्यांनी एवढंच विचारलं, पायऱ्या कोणी धुताना दाखवलंय का त्यात? मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की इथल्या जुन्या रो हाऊसना पुढे संगमरवरी तीन-चार पायऱ्या असतात, आणि त्यांची आजी दर शनिवारी सकाळी गुडघ्यावर बसून बॉन आमीची पावडर आणि दगड घेऊन त्या घासायची, अख्ख्या ओळीतल्या बायका घासायच्या, एखादीची पायरी काळी दिसली तर चर्चमध्ये बोलणं व्हायचं. पहाटे पाचच्या बसने हॉस्पिटलात साफसफाईला जाणारी माणसं, ती कुठायत? त्या चिडल्या नव्हत्या. ग्लोव्ह्ज चढवता चढवता बोलत होत्या. सिरीज खोटी आहे असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

मला लगेच आमची गॅलरी दिसली, नळाला पाणी आलं की आई आधी दारापुढचा तुकडा खराट्याने घासून घ्यायची आणि मग हंडे भरायची. म्हणजे दादा बोलतो त्यात अर्धं खरं आहे. मला ते तेव्हाही कळलं होतं आणि तरी मी इतकी वर्षं पार्टीत वायरचीच तारीफ करत आले, कारण वायर बघितलेली असणं ही इथे शिकल्या-सवरल्या माणसाची खूण आहे. वायरला एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं बक्षीस, एकही मिळालं नाही हे वाक्य मी किती वेळा ऐकवलंय.

आणि त्या टेक्निशियनबाईंच्या भागात मी गेले कधी? नऊ वर्षं गेलेच नाही. नोकरी लागली त्याच आठवड्यात कोणीतरी सांगितलं होतं, एलिकॉट सिटीहून येतेस ना, मग ९५ हायवेनेच ये, वेस्ट बाल्टिमोरमधून जाणारा रूट ४० पकडू नकोस. मी पकडला नाही. एप्रिल २०१५ ला फ्रेडी ग्रे गेला, पंचवीस वर्षांचा पोरगा, पोलीस व्हॅनमध्ये मान मोडली. शहर पेटलं, आम्हाला दुपारीच घरी पाठवलं, मुंबईहून दादाचेच सतरा मिस्ड कॉल. त्यानंतर एका सकाळी ९५ जाम होता आणि जीपीएसने मला ४० वर घातलं. एडमंडसन अॅव्हेन्यूवरून ओळीच्या ओळी घरं, मधलीच दोन-तीन बंद, खिडक्यांना प्लायवूड, त्यापुढे तो खड्ड्यातला रुंद हायवे ज्याच्यासाठी सत्तरच्या दशकात ९०० वर घरं पाडली आणि जो दीड मैलात संपतो, कुठेच जात नाही. आणि मी गाडीत बसून काय विचार करत होते, तर अरे, हे चौथ्या सीझनमध्ये आहे. बस स्टॉपवर माणसं उभी होती, डबे हातात, आणि मला सिरीज आठवत होती. मला त्याची लाज आजही वाटते.

लिहायलाच बसलेय तर हेही लिहिते. मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी नवीन भेटलं आणि कुठे असता विचारलं की मी सांगते, वॉशिंग्टनजवळ. माझ्या घरापासून बाल्टिमोर वीस मिनिटं आणि वॉशिंग्टन पाऊण तास, पगार बाल्टिमोरचा, आणि मी सांगते वॉशिंग्टनजवळ. रुपारेल कॉलेजला होते तेव्हा पण लालबाग म्हणायचे नाही, दादरजवळ म्हणायचे. मुलगी एकदा बाजूला उभी होती, तिने सरळ विचारलं, आई तू बाल्टिमोर का नाही म्हणालीस? मी म्हटलं लोकांना कळत नाही. वायर सगळ्यांना कळते, तिला म्हणायचं असेल.

२०१५ ते २०२२ या शहरात दरवर्षी ३०० च्या वर खून झाले. २०१७ ला पोलिसांचंच एक पथक, गन ट्रेस टास्क फोर्स, लोकांना लुटताना पकडलं गेलं. २०१९ ला महापौरबाईंना स्वतःची लहान मुलांची पुस्तकं गळ्यात मारण्याच्या भानगडीत राजीनामा द्यावा लागला, पुढे तुरुंगात गेल्या. आणि २०२४ ला खून २०० च्या आसपास आले, तेव्हा टेक्निशियनबाईंनी मला एकटीला मेसेज केला होता, आकडा आणि पुढे दोन हात जोडलेले. त्यांना तो आकडा खरा वाटत होता. मी लगेच मनात म्हटलं, मेजरने साधी मारहाण लिहिली असेल. खून तसा लपवता येत नाही हे माहीत असून.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. तिथे फक्त एवढं लिहिलं की बंद पाडू नका, वहिनीचा दाखला त्यात घाला म्हणून भांडा, आईचा खराटा घाला म्हणून भांडा. त्यावर कोणाचा अंगठा आला नाही.

रात्री दादाने वेगळा, मला एकटीलाच, फोटो पाठवला. आपली चाळ रिकामी झाली गं, आम्ही पण गेल्या महिन्यात ट्रान्झिट कॅम्पला आलो, तुला सांगायचं राहिलं. तिसरा मजला, आमची खोली, दाराला पत्रा ठोकलेला. वायरमध्ये एक डिटेक्टिव्ह असतो, बंद घरांच्या दारावरचे खिळे बघून तो ओळखतो की आत काहीतरी आहे, म्युनिसिपालटीचे खिळे वेगळे, हे वेगळे. मी फोटो मोठा केला. पत्रा नवीन, खिळे नवीन, आणि खाली उंबऱ्यापुढची आईची फरशी, ती अजून बाकीच्या गॅलरीपेक्षा उजळ दिसत होती.