‘युलिसिस’ ही शोकाची कविता आहे

इंग्रज कवी टेनिसनच्या ‘युलिसिस’ या कवितेची शेवटची ओळ निवृत्तीच्या भाषणांत हमखास येते. झगडायचं, शोधायचं, मिळवायचं आणि हार मानायची नाही. ऐकणारे टाळ्या वाजवतात. ओळ मोठी आहेच. पण ७० ओळींच्या कवितेतून ती एकटी उचलली की कविता ज्या दुःखावर उभी आहे ते दिसेनासं होतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कवितेत बोलतो तो युलिसिस, ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतलेला आणि पुन्हा समुद्रावर निघू पाहणारा ग्रीक राजा. हा म्हातारा राजा रंगवणारा कवी स्वतः २४ वर्षांचा होता. १५ सप्टेंबर १८३३ रोजी त्याचा जिवलग मित्र आर्थर हॅलम व्हिएन्नात अचानक गेला, अवघ्या २२व्या वर्षी. केंब्रिजमधला सोबती, टेनिसनच्या बहिणीशी लग्न ठरलेला. बातमी आल्यावर काही आठवड्यांतच, ऑक्टोबरात, टेनिसनने ही कविता लिहिली. छापली १८४२ साली. हॅलमच्या आठवणीतलं ‘इन मेमोरियम’ हे दीर्घकाव्य १८५० साली आलं. तरी आयुष्याला तोंड देत पुढे जायलाच हवं ही भावना ‘युलिसिस’मध्ये कदाचित त्याहून साधेपणाने आली आहे, असं टेनिसननेच सांगून ठेवलंय.

हे कळल्यावर, युलिसिस ज्यांना सोबत यायला बोलावतो ते किनाऱ्यावरचे खलाशी वेगळे दिसू लागतात. ग्रीक महाकवी होमरचा युलिसिस आपल्या राज्यात, इथाकाला, पोचतो तो एकटा, त्याचे सगळे साथीदार वाटेतच मेलेले असतात. मग इथे तो ‘मित्रांनो’ म्हणून हाक कुणाला मारतोय? अभ्यासक इटालियन कवी दान्तेकडे बोट दाखवतात. दान्तेचा युलिसिस उरल्यासुरल्या सोबत्यांना घेऊन ओळखीच्या जगाची हद्द ओलांडतो आणि बुडतो. टेनिसनने दान्तेकडून घेतलं हे खरंच. पण मला त्या हाकेत मित्र गमावलेला तरुण ऐकू येतो. पुढे युलिसिस म्हणतो, कदाचित आपण मेलेल्या वीरांच्या त्या सुखी बेटांना लागू आणि थोर अकिलीस दिसेल, आपल्या ओळखीचा अकिलीस. ट्रॉयच्या युद्धातला हा सोबती तर केव्हाच मेलेला! शोधायला निघालेला माणूस शेवटी मेलेल्या मित्राच्या भेटीची आशा धरतो. ही ओळ मला मोठ्याने वाचवत नाही.

त्यानंतर तो कबुली देतो. बरंच गेलं, बरंच उरलंही आहे. पूर्वीची ताकद नाही, काळाने आणि नशिबाने थकवलंय, इच्छा तेवढी शाबूत आहे. हे सगळं ऐकल्यावरच त्या शेवटच्या ओळीला वजन येतं. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे चार सहकारी मेले. त्यांच्या स्मरणार्थ अंटार्क्टिकावरच्या एका टेकडीवर १९१३ साली उभारलेल्या लाकडी क्रुसावर हीच ओळ कोरलेली आहे. ती तिथे शोभते.

एक गोष्ट मात्र मला आजही खुपते. युलिसिसच्या मुलाच्या, टेलेमॅकसच्या वाट्याला दहाएक ओळी आहेत, मायेच्या, कौतुकाच्या. खलाशांसाठी तर शेवटच्या पंचवीसेक ओळी. त्याच्या बायकोने, पेनेलोपीने, २० वर्षं वाट पाहिली. तिचा उल्लेख सुरुवातीला एकदाच, म्हातारी बायको म्हणून, तोही नाव न घेता. जाताना तिचा निरोपसुद्धा नाही. हे उणं मला टेनिसनच्या दुःखाकडे बोट दाखवून झाकावंसं वाटत नाही.